ट्रेकला वाट शोधायला फोन नको, हँडहेल्ड जीपीएस हवा: निवडीपासून पावसाळ्यातल्या निगेपर्यंत

ठाण्याहून माहुली, पनवेलहून प्रबळगड किंवा कर्नाळा, नेरळहून पेब. या वाटांवर आज बहुतेकांच्या हातात नकाशा उघडलेला फोन दिसतो. फोनमधला जीपीएस खोटा नसतो, आणि नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर तो नेटवर्क नसतानाही जागा दाखवतो. अडचण वेगळीच आहे. ज्या फोनवर वाट बघायची, त्याच फोनवरून कुणी पडलं तर 112 ला कळवायचं असतं, त्यातच फोटो काढायचे असतात आणि उतरल्यावर घरच्यांना निरोप द्यायचा असतो. दरीत शिरल्यावर फोन टॉवर शोधत राहतो, रेंज कमी पडली की जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि बॅटरी भराभर उतरते. जुलैत पडद्यावर थेंब पडले की तो थेंबालाच बोट समजतो. मे महिन्यात कातळावर तापला की स्वतःच पडदा मंद करतो, आणि नेमकं तेव्हाच उन्हात काही दिसत नाही.

म्हणून वाट शोधण्याचं काम फक्त तेवढंच करणाऱ्या उपकरणाकडे, म्हणजे हातात मावणाऱ्या हँडहेल्ड जीपीएसकडे द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. त्याला बटणं असतात, त्यामुळे ओल्या हातांनी चालतं. पडदा असा असतो की ऊन जितकं कडक तितकं जास्त स्पष्ट दिसतं. पेन्सिल सेल संपले की दोन नवे घालायचे आणि अर्ध्या मिनिटात पुढे निघायचं. फोन मात्र फ्लाइट मोडवर, प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा. तो कशासाठी राखून ठेवलाय ते सगळ्यांना ठाऊक असावं.

कोणता घ्यावा

आपल्याकडे सहज मिळणारी आणि टिकाऊ मालिका म्हणजे गार्मिनची ईट्रेक्स. तिच्यातल्या 22एक्स आणि 32एक्स या मॉडेलांना 2.2 इंचाचा रंगीत पडदा, 8 जीबी मेमरी आणि मेमरी कार्डाची जागा आहे. दोन डबल-ए, म्हणजे पेन्सिल सेलवर कंपनी 25 तास सांगते. प्रकाश सतत चालू ठेवला तर तेवढे मिळत नाहीत, पण दोन दिवसांचा ट्रेक एका जोडीवर सहसा निभावतो. 32एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक जास्तीचा आहे. 22एक्सला होकायंत्र नाही, म्हणून थांबल्यावर त्याचा बाण कुठेही तोंड करतो. दिशा कळायला दहा-वीस पावलं चालावी लागतात. धुक्यात, अरुंद खिंडीत ही दहा-वीस पावलं महाग पडतात, म्हणून परवडत असेल तर 32एक्सच घ्यावा.

2023 साली आलेल्या ईट्रेक्स एसईची बॅटरी कितीतरी जास्त टिकते, कंपनीच्या हिशेबाने 168 तास. पण त्याच्या पडद्यावर नकाशा नसतो आणि वाटा भरायच्या तर फोनमधल्या ॲपचा आधार घ्यावा लागतो. फोन बाजूला ठेवण्यासाठीच ही सगळी खटपट असेल, तर नकाशावाला जुना ईट्रेक्स जास्त सोयीचा.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच पाहावी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं आणि सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. गार्मिनच्या ज्या मॉडेलांत इनरीच ही उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय आहे, उदाहरणार्थ 66आय किंवा 67आय, ती यात येतात. परदेशातून कुणी नातेवाईक भेट आणणार असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा, कारण अशी उपकरणं सापडल्याने परदेशी प्रवाशांवर विमानतळावर गुन्हे दाखल झालेले आहेत. नुसता जीपीएस, जो उपग्रहांचं फक्त ऐकतो आणि स्वतः काही पाठवत नाही, तो बाळगायला हरकत नाही.

कुणीतरी वापरलेला जुना घेत असाल तर दुकानात किंवा घरात तपासू नका, छताखाली उपग्रह नीट लागतच नाहीत. रस्त्यावर आणा आणि जागा लागेपर्यंत थांबा. मग तारीख बघा. जीपीएसची आठवडेमोजणी 1024 आठवड्यांनी शून्यावर येते, आणि 6 एप्रिल 2019 ला ती तशी आली. फार जुनी उपकरणं त्यानंतर साधारण वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. जागा बरोबर असते, पण नोंदवलेल्या वाटांच्या तारखा विसरायच्या. जॉयस्टिक चारही बाजूंना आणि आत दाबून पाहा, यूएसबीचं रबरी झाकण घट्ट बसतं का पाहा, आणि सेलच्या खणातले पत्रे हिरवट झालेत का तेही पाहा.

सेल

लाल रंगाचे स्वस्त झिंक-कार्बन सेल घड्याळासाठी ठीक आहेत, जीपीएसमध्ये काही तासांतच मान टाकतात. अल्कलाइन चालतात. सगळ्यात उत्तम म्हणजे 2000 एमएएचच्या आसपासचे, चार्ज करून ठेवले तरी महिनोन् महिने न उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल. चार घ्या, दोन आत आणि दोन कोरड्या डबीत. जोड्या पक्क्या करून त्यांवर मार्करने खुणा करा, कारण एक ताजा आणि एक थकलेला सेल एकत्र घातला की थकलेला आधी कोसळतो आणि उपकरण बंद पडतं.

सेल बदलला की सेटअपमध्ये सिस्टिमच्या यादीत जाऊन सेलचा प्रकारही बदलायचा. चार्जेबल सेलचा दाब 1.2 व्होल्टच्या आसपास असतो आणि अल्कलाइनचा 1.5 पासून हळूहळू उतरतो. उपकरण दाबावरूनच बॅटरी किती उरली याचा अंदाज बांधतं. प्रकार चुकला की भरलेले सेल अर्धे दिसतात, किंवा अर्धे दिसणारे सेल अचानक संपतात.

आणखी एक धोका दिसायला अगदी साधा आहे. 14500 नावाचा लिथियम-आयन सेल आकाराने हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचा दाब 3.7 व्होल्ट. दोन घातले की उपकरण जळू शकतं. टॉर्चसाठी असे सेल घरात असतील तर ते वेगळ्या डबीत ठेवा.

पहिली जुळणी

नवीन किंवा बरेच दिवस बंद पडून असलेला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली, एका जागी, पंधराएक मिनिटं चालू ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक हवेतून उतरायला 12.5 मिनिटं लागतात. फोन ते इंटरनेटवरून ओढून घेतो, म्हणून तो झटपट वाटतो. याला आकाशाकडूनच घ्यावं लागतं. एकदा घेतलं की पुढच्या वेळी मिनिटाच्या आत जागा लागते.

मग सेटअपमध्ये हे बदल करा. उपग्रह: जीपीएस आणि ग्लोनास (रशियाचे उपग्रह) दोन्ही. दरीत आकाशाची एक चिंधोटीच दिसते, तिथे जास्त उपग्रह हवेतच. ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद: रेकॉर्ड, नकाशावर दाखव. नोंदीची पद्धत ‘डिस्टन्स’ ठेवून 10 मीटर द्या. 22एक्स आणि 32एक्सच्या एका ट्रॅकमध्ये 10,000 बिंदू मावतात, म्हणजे 100 किलोमीटरची सोय झाली. वेळेनुसार नोंद ठेवली तर जेवायला बसल्या जागी बिंदूंचा गुंता होतो आणि न चाललेलं अंतरही हिशेबात धरलं जातं. ‘लॉक ऑन रोड’ बंद. हे चालू राहिलं तर तुम्ही पाऊलवाटेवर असताना उपकरण तुम्हाला जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन ठेवतं. रूटिंगमध्ये ‘डायरेक्ट’ निवडा. प्रकाश 15 सेकंदांनी बंद होऊ द्या.

अक्षांश-रेखांशाची लिपी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण बचावपथकाला जागा सांगताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, डब्ल्यूजीएस 84 असू द्या. पोझिशन फॉरमॅटमध्ये दोन पद्धतींशी आपला संबंध येतो. ईट्रेक्स सुरुवातीला अंश आणि दशांश मिनिटं दाखवतो, फोनचे नकाशे दशांश अंश दाखवतात.

ठाणे स्टेशन घ्या. दशांश अंशांत ते साधारण 19.186 उत्तर, 72.976 पूर्व. तीच जागा दशांश मिनिटांत 19 अंश 11.160 मिनिटं आणि 72 अंश 58.560 मिनिटं अशी दिसते. आता पडद्यावरून कुणी घाईत ‘एकोणीस, अकरा, एकशे साठ’ असं सांगितलं आणि ऐकणाऱ्याने 19.11160 लिहिलं, तर जागा आठ किलोमीटर दक्षिणेला सरकली. रेखांशात 72.58560 लिहिलं तर चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे थेट अरबी समुद्रात. समुद्र आला तर निदान चूक लक्षात तरी येते. एखाद्या वेळी चुकीची जागा पलीकडच्या डोंगरात पडते, आणि मग शोध तिकडे सुरू होतो.

यावर उपाय असा. उपकरणात दशांश अंशच लावून ठेवा, म्हणजे फोनच्या नकाशाशी आकडे जुळतील. सांगताना एकेक अंक सुटा म्हणा, दशांशचिन्हाला ‘पॉइंट’ म्हणा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. दशांशानंतर पाच अंक पुरेत, कारण पाचवा अंक म्हणजे जेमतेम एक मीटर.

नकाशा आणि वाट भरणं

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरचे गार्मिनसाठीचे नकाशे फुकट मिळतात. बीबीबाइकच्या संकेतस्थळावर ठाणे, रायगड आणि पुण्याचा घाटमाथा येईल एवढा चौकोन निवडा. लॅटिन-1 प्रकार घ्या, कारण या उपकरणांत देवनागरीचा टंक नसतो आणि युनिकोड नकाशातल्या मराठी गावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. उतरलेली आयएमजी फाइल मेमरी कार्डावरच्या गार्मिन नावाच्या फोल्डरात टाका. उपकरणात त्याच भागाचे दोन नकाशे एकदम चालू ठेवू नका, एक दुसऱ्याला झाकतो आणि नवा नकाशा ‘आलाच नाही’ असं वाटत राहतं. कॉम्प्युटरला जोडल्यावर उपकरण ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल तर आधी केबल बदला. मिनी यूएसबीच्या बऱ्याच केबलींतून नुसती वीज जाते, डेटा जात नाही.

वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे नोंदवलेल्या वाटेचे बिंदू असलेली फाइल, गार्मिनच्या आत जीपीएक्स फोल्डरात जाते. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेली वाट डोळे झाकून घेऊ नका. एकाच गडाच्या दोन-तीन वेगवेगळ्या लोकांच्या फाइली घ्या आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून बघा. जिथे रेघा चिकटून चालतात तिथे वाट ठळक आहे. जिथे त्या फाकतात तिथेच माणसं चकतात, आणि तिथे स्वतःची खूण टाकून ठेवायची. प्रबळगडाचा माथा हे याचं चांगलं उदाहरण. प्रबळमाचीपर्यंत कुणी चुकत नाही. वरच्या गर्द रानात मात्र ढोरवाटा इतक्या आहेत की रेघा झाडूच्या काड्यांसारख्या पसरतात. फाइल कोणत्या महिन्यातली आहे तेही पाहा. मार्चमध्ये कोरड्या ओढ्यातून गेलेली वाट ऑगस्टमध्ये वाट नसते.

फाइल मिळाली म्हणजे वाट खुली आहे असं नव्हे. येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. कर्नाळ्याचा किल्ला पक्षी अभयारण्यात आहे, फाटकाची वेळ पाळावी लागते. खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी असते, आणि तिच्यामागे वाहून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे.

घराजवळ सराव

पहिला सराव डोंगरात नको. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा फेरा किंवा ठाण्यात उपवन तलावाचा काठ पुरेसा आहे. आकाश मोकळं, हरवायची भीती नाही. ट्रॅक पुसून शून्यावर आणा. सुरुवातीच्या जागी जॉयस्टिक दाबून धरा, की वेपॉइंट, म्हणजे त्या जागेची खूण, पडतो. एक फेरी मारा, मध्ये चार ठिकाणी खुणा टाका. नावं रोमन लिपीत, छोटी आणि ठरलेली असावीत. फाट्याला एक अक्षर, पाण्याला एक, धोक्याच्या जागेला एक, आणि पुढे आकडा. परत येताना ट्रॅक मॅनेजरमधून चालू ट्रॅक नकाशावर उघडून ‘ट्रॅकबॅक’ निवडा आणि आलेल्या रेघेवरूनच उलट चाला. हे हात न अडखळता जमेपर्यंत करा. धुक्यात, ओल्या हातांनी, मागे चार जण वाट बघत असताना मेनू शोधत बसणं चांगलं नाही.

याच सरावात उपकरण कुठे धरायचं तेही कळेल. ईट्रेक्सचा ॲंटेना चपटा असतो, पडदा आकाशाकडे असला की तो नीट ऐकतो. पँटच्या खिशात घातला तर अर्धं आकाश तुमचं अंगच अडवतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला, क्लिप आणि दोरी अशा दोन्हींनी बांधा. नुसती क्लिप झाडीत ओरबाडली जाते.

ट्रेकच्या दिवशी

पायथ्याच्या गावात गाडीतून उतरल्यावर लगेच जीपीएस चालू करा, चहा होईपर्यंत जागा पक्की होते. ट्रॅक पुसा. पायथ्याची खूण टाका. 32एक्स असेल तर होकायंत्र जुळवून घ्या, आणि सेल बदलल्यावर हे दर वेळी करायचं. फोनपासून आणि चुंबक असलेल्या पाकिटापासून ते दूर धरा. उंचीमापकालाही नकाशावरची पायथ्याची उंची सांगा. तो हवेच्या दाबावर चालतो, आणि आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त आणि दुपारी चारला सर्वांत कमी असतो. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा, म्हणजे उंचीत पंचवीसेक मीटरचा. माथ्यावर बसल्या बसल्या दुपारी गड ‘वाढलेला’ दिसतो तो यामुळे. वादळी हवेत फरक याहून मोठा पडतो.

चढताना प्रत्येक फाट्यावर खूण टाका. चढताना सगळ्या वाटा वर जाऊन मिळतात, त्यामुळे फाटा जाणवतही नाही. उतरताना त्याच वाटा फुटत जातात, आणि चुकीची सोंड (डोंगराची उतरत जाणारी धार) धरली की ती कड्यावर नेऊन सोडते. फाट्याला पोचल्यावर वळून मागे बघा, उतरताना ती जागा कशी दिसेल ते डोळ्यांत भरून घ्या, मगच बटण दाबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘गो टू’ दाबून पायथ्याची खूण निवडली की उपकरण तिथे सरळ रेघ ओढतं आणि अंतर दाखवतं, समजा 600 मीटर. ही रेघ पक्ष्यासाठी आहे. सह्याद्रीत तिच्या मध्ये कडा असतो. नकाशावरच्या समोच्च रेषाही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषाही, इथे दगा देतात. फुकट नकाशांतली उंची साधारण 30 किंवा 90 मीटरच्या चौकटींतल्या मोजमापांवरून आलेली असते, त्यामुळे 20-25 मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधल्या साध्या उतारात विरघळून जातो. अंधार पडायला आलेला, समोर खाली गावातले दिवे दिसताहेत, बाणही तिकडेच बोट दाखवतोय, आणि माणूस नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरतो. पाच-सहा टप्पे उड्या मारत उतरून गेल्यावर खाली सरळसोट कडा येतो आणि मागे चढता येत नाही. म्हणून परतताना ‘गो टू’ वापरूच नका. ट्रॅकबॅक वापरा, म्हणजे ज्यावरून तुमचे पाय खरोखर गेलेत तीच रेघ. बाणाचा उपयोग तुम्ही रेघेपासून किती दूर आहात एवढंच कळायला.

वाट चुकल्याची शंका आली की थांबा, सगळ्यांनाच थांबवा. नकाशा 80 किंवा 50 मीटरच्या झूमवर आणा. दाट झाडीत किंवा कड्याच्या पोटाशी सिग्नल कातळावर आपटून येतो, तेव्हा जागा दहा-वीस मीटर सहज हलते. एवढ्या फरकाला चूक समजू नका. रेघेपासून 50 मीटरच्या पलीकडे असाल आणि चालाल तसं अंतर वाढत असेल, तर चुकलात. पुढे तिरपं कापून रेघ गाठायला जाऊ नका. जिथून रेघ सोडली तिथेच, आलेल्या पावलांनी परत जा. जवळपास गुराखी किंवा गावातलं कुणी दिसलं तर उपकरणापेक्षा त्यांचा शब्द वरचा माना.

पाऊस, घाम आणि दमट हवा

ईट्रेक्सचा पाण्यात टिकण्याचा दर्जा आयपीएक्स 7 आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण तेही रबरी झाकण नीट बसलेलं असेल आणि सेलच्या दाराच्या कडेत वाळूचा कण नसेल तरच. पावसात सेल बदलायचे असतील तर छत्रीखाली, उपकरण पालथं धरून बदला. ओढा ओलांडताना ते पट्ट्यावरून काढून सॅकमध्ये ठेवा, धारेत गेलं तर बुडतं.

घरी आल्यावर बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, घामातलं मीठ रबर खातं. सेल काढा, दार उघडं ठेवून पंख्याखाली रात्रभर सुकू द्या. खाडीकाठच्या दमट हवेत ठेवायला झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. पुडीतले रंगाचे मणी बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. सेल आत ठेवून उपकरण महिनाभर विसरलात आणि ते गळले, तर अल्कलाइनचा पांढरा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या कानकाडीने पुसा, मग साध्या पाण्याच्या काडीने, मग कोरड्या काडीने. थेंब आत ओघळू देऊ नका.

काही वर्षांनी ईट्रेक्सच्या कडेची रबरी पट्टी सैल होऊन निघायला लागते. आतलं उपकरण बहुधा ठणठणीत असतं. जुना गोंद स्पिरिटने पुसून काढा, दोन्ही बाजूंना फेविबॉण्डचा अगदी पातळ थर द्या, दहाएक मिनिटं हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्या, मग बटणांची भोकं जुळवून पट्टी बसवा आणि रात्रभर रबरबँडांनी आवळून ठेवा. गोंद बटणांच्या फटीत आणि यूएसबीच्या झाकणाखाली जाऊ देऊ नका.